पलंगाच्या उंचीची खिडकी

कुणाच्याही घरात शिरले की चाचा आधी माणसांकडे बघत नसत. खोलीच्या मधोमध उभे राहायचे, एक डोळा मिटायचे आणि तळहात पुढे धरून त्यावर उजेड किती पडतो ते बघायचे. मग विचारायचे, "उजेड कुठून येऊन राह्यला?" घरातल्या बाईने चहाचं विचारलं तरी उत्तर उजेडाबद्दलच मिळायचं.

तुमच्या गावातही असा एखादा मिस्त्री असेल. आमच्या डोणगावात दारं-खिडक्या करणारे चाचा होते. त्यांचं दुकान माझ्या घरासमोर, त्यामुळे माझ्या शाळेतल्या नोकरीच्या सगळ्या वर्षांत रंध्याच्या आवाजाची मला फुकट सोबत होती. मी त्यांना चाचा म्हणे, ते मला बाई.

कामात त्यांचा एक हट्ट होता. झडप बसवली की ती लावून घ्यायचे, खिशातून विडीच्या पुड्याचा कागद काढायचे आणि फटीत सारून बघायचे. कागद आत गेला की झडप पुन्हा उतरलीच म्हणून समजा. "कागद गेला तं लू बी गेली घरात," म्हणायचे. आमच्याकडचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना हे पटेल. वैशाखातल्या वाऱ्याला बोटभर जागा दिली तर अंथरुणावर धुळीचा थर बसतो.

एकदा एका व्यापाऱ्याच्या घरी वरात परत आली तरी चाचांनी पुढचं दार उतरवून ठेवलेलं होतं. नवरी पडदा सारून आत गेली. व्यापारी तापला, "चाचा, आजच्या दिवशी काऊन उतरवलं हे?" चाचा रंधा न थांबवता म्हणाले, "नवरी एकडाव येते शेठ, लू दरसाल येते."

अशा माणसाचं स्वतःचं घर म्हणजे दुकानामागची एक खोली. तिला वर, पत्र्याजवळ, हातभर खिडकी. दिव्याखाली अंधार म्हणतात तसंच ते होतं. त्यांची बायको लवकर गेली होती आणि मागे एकच लेक. पोरीचं काळीज जन्मापासून कमजोर, चार पावलं धावली तरी ओठ निळे पडायचे. माझ्याच वर्गात होती. शाळा सुटली की दप्तर घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसायची. "बाई, आमच्या घरात अक्षरं दिसत नाहीत," म्हणायची. चाचा समोरून ऐकायचे आणि रंधा मारत राहायचे.

तिचं लग्न नात्यातल्याच मुलाशी झालं, थेट कोकणात. जावई मच्छीमार बोटीवर कामाला. भला मुलगा, तिचं दुखणं माहीत असून त्याने हो म्हटलं होतं. काही वर्षांनी त्याने समुद्राच्या तोंडाशी लहानसं घर बांधायला काढलं, आणि लेकीचा फोन आला की खिडक्या-दारं अब्बांनीच करायची. तोवर तिचा बहुतेक दिवस पलंगावरच जात होता.

त्या दिवशी चाचा माझ्याकडे आले. "बाई, समुंदराकडून उजेड कसा येते?" त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. मी शाळेच्या सहलीबरोबर एकदाच गेलेली. म्हटलं, "खूप येतो, चाचा. पाण्यावरून उलटून खालूनही येतो."

"खालून?" त्यांनी तळहात पालथा करून पाहिला. जन्मभर त्यांनी खिडक्या उंच आणि लहान केल्या होत्या, कारण आमच्याकडे उजेडाबरोबर ऊन येतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातला भुसा झाडला आणि फरशीवर खडूने लेकीची खोली आखली. अगदी होती तेवढी. "इथं पलंग. इथं तिचं डोकं." मग स्वतः त्या खडूच्या पलंगावर आडवे झाले आणि मान वळवून भिंतीकडे बघत राहिले. फोनवर लेकीला पलंगाची उंची मोजायला लावली. पडल्या पडल्या समुद्र दिसला पाहिजे, एवढंच त्यांना हवं होतं. रस्त्यावरचे लोक हसत होते. मीही हसले.

दुकानासमोरचा कडुलिंब वादळात पडला होता, त्याचं लाकूड त्यांनी कितीतरी उन्हाळे वाळवून जपून ठेवलं होतं. लेक त्याच झाडाखाली खेळलेली. त्याच्या झडपा केल्या, काठाने वेल कोरली. ऐन मे महिन्यात, चौकटीत घालून, कागद सारून पाहिला. गेला नाही. टेम्पो निघताना चाचा लग्नातल्यासारखे डोळे पुसत होते.

पावसाळ्यात पोरीचं दुखणं वाढलं. डॉक्टरांनी आता करण्यासारखं फार नाही म्हणून सांगितलं होतं. चाचांना निघायचं होतं, पण दर वेळी तीच म्हणायची, पाऊस सरला की या. रोज संध्याकाळी ते दुकानाच्या पायरीवर बसून, स्पीकर मोठा करून फोन लावायचे. मला ते पलीकडे ऐकू यायचं.

"दिखता क्या बेटा?"

"दिखता अब्बा. पूरा दिखता."

फोन ठेवला की माझ्याकडे बघून म्हणायचे, "दिसून राह्यला तिले." त्या पावसाळ्याइतका सुखी चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

पाऊस सरायच्या आतच ती गेली. कोकण लांब. चाचा पोचले तेव्हा माती देऊन झाली होती.

परत आल्यावर ते माझ्या ओट्यावर बसले, ती बसायची तिथेच. म्हणाले, "खिडकी बंद होती, बाई."

मला कळेना.

"पहिल्या पावसातच लाकूड फुगलं. इथं उन्हात वाळलेलं ते, तिथली हवा प्यालं. म्या फट ठेवली कुठं होती? घट्ट बसली ते बसलीच. जावई म्हणे, मिस्त्री आणतो, रंधा मारून देईल. तर पोरगी हात लावू देईना. म्हणे, अब्बाच्या कामाले दुसऱ्याचा रंधा नाही लागला पाहिजे. आन् अब्बाले सांगाचं नाही, त्यांले वाईट वाटंल."

म्हणजे त्या सगळ्या संध्याकाळी पोर अंधारात पडून बापाला समुद्र सांगत होती.

"मग गावातल्या सुताराचा रंधा मागून आणला. म्याच मारला. उघडली." ते थांबले. "पलंगावर डोकं ठेवून पाह्यलं, बाई. माप बराबर होतं. पूरा दिसत होता."

मी त्यांच्याशेजारी बसून रडले. ते रडले नाहीत, हाताच्या घट्ट्यांकडे बघत होते.

त्यानंतर चाचांच्या प्रत्येक झडपेत फट राहू लागली. लोक कुरकुरले, म्हातारा थकला म्हणाले, कामं दुसरीकडे जाऊ लागली. कागद सारायची सवय मात्र सुटली नाही. सारायचे, तो अल्लद आत जायचा, आणि मान हलवायचे. "जाऊ द्या. लाकडाले फुगाले जागा पाहिजे."

शेवटचं काम त्यांनी माझ्या निजायच्या खोलीचं केलं. न विचारताच खिडकी खाली घेतली, पलंगाच्या उंचीला. जाताना एवढंच म्हणाले, "बाई, फट बुजू नका."

गेल्या हिवाळ्यात चाचा गेले. समोरच्या दुकानात आता मोबाइल विकतात.

उन्हाळ्यात वारा सुटला की झडप खडखडते. माझा मुलगा म्हणतो, फटीत कागद कोंबून टाक. मी नाही म्हणते. दुपारी त्या फटीतून उन्हाची बारीक रेघ माझ्या उशीपर्यंत येते. धूळही येते, ती मी रोज पुसते.