आडवी बाटली

आमच्या घराण्याला इतिहास आहे, पण तो सगळा दारूचा. निजामाच्या काळात पणजोबांनी ओढ्याकाठी शिंदीचं दुकान घातलं. वसमतला हळद विकून परतणाऱ्या गाड्या तिथे थांबायच्या. समुद्र राहिला कुठल्या कुठे, पण आमच्या गावाचं बंदर तेच. पुढे शिंदी गेली, देशी दारूचा परवाना आला. दुकानाच्या दगडी ओट्यावर वडील देवस्थानचे पंच असल्यासारखे बसायचे. स्वतः मात्र थेंबाला शिवले नाहीत. शाळेत पोरी मला ‘बाटलीवाल्याची’ म्हणायच्या. मला राग पोरींचा नाही, त्या ओट्याचा यायचा.

आईचा धाकटा भाऊ गावातच राहायचा. हसरा माणूस, जत्रेत मला खांद्यावर बसवायचा. तो आमच्याच ओट्यावर पिऊन पिऊन संपला. अंत्यविधीचं सगळं वडिलांनीच केलं.

मागच्या वर्षी गावातल्या बायकांनी दुकान बंद करण्यासाठी मतदान मागितलं. चिठ्ठीवर दोन बाटल्या, एक उभी, एक आडवी. गावातल्या एकूण मतदार बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीला मत दिलं तर दुकान बंद. म्हणजे जी घरी बसली, ती आपोआप दुकानाच्या बाजूची. वडिलांनी हे नेमकं हेरलं होतं. भांडण नको, वाद नको, बायकांना फक्त घरी ठेवा, असा निरोप त्यांनी गल्लोगल्ली धाडला. मतदानाच्या दिवशी दुपारपर्यंत शाळेपुढची रांग विरळच होती.

मग आईने भाकरी झाकून ठेवल्या, पदर डोक्यावर घेतला आणि निघाली. मी मागोमाग. दुकानाला त्या दिवशी कुलूप होतं, पण वडील ओट्यावर बसलेले. त्यांच्यासमोरून ती सरळ गेली. दुकानदाराचीच बायको रांगेत उभी आहे म्हटल्यावर एकेक दार उघडायला लागलं. संध्याकाळी मोजणी झाली. आडवी बाटली जिंकली.

“काहून गेलीस?” वडिलांनी जेवताना विचारलं.

“माझा भाऊ मरून राहिला व्हता, तरी तुमी त्याला दारू देऊन राहिले व्हते.”

“मी न्हाई म्हनलो असतो तर त्यो दुसऱ्याकडं जाऊन पेला असता.”

आई भाकरी थापत होती. तिने हात थांबवला नाही.

“मंग दुसऱ्याच्या हातानं मेला असता.”

वडिलांनी पुढची भाकरी घेतली नाही.