बिनपदाची मुकादम

तिच्या पणजसासऱ्यांनी रस्त्याच्या कामावर चाळीस माणसं हाकली, म्हणून लोक त्यांना मुकादम म्हणू लागले. पुढे काम गेलं, माणसं गेली, आडनाव तेवढं राहिलं. सासरे जन्मभर कुलपं दुरुस्त करत बसले, तर गिऱ्हाइकं टोमणा मारायची, "अहो मुकादम, जरा हात उचला!" सून बघायला गेले तेव्हा मात्र हेच आडनाव छाती फुगवून सांगितलं. तिला ते आयतं मिळालं. आयतं कसलं, गळ्यातच पडलं!

ती रुग्णालयाच्या धुलाईघरात इस्त्रीवाली म्हणून लागली. तिथला खरा मुकादम निवृत्त झाला आणि साहेबांनी ती जागा भरलीच नाही. कशाला भरतील? हजेरीपटावर मुकादम होतीच की! नऊ वर्षं पाळ्या तिने लावल्या, बोलणी तिने खाल्ली, रोज सकाळी यंत्र तपासल्याच्या चिठ्ठीवर सहीही तिनेच केली. पगार इस्त्रीवालीचा. जळला मेला तो मान!

परवा चादरी दाबणाऱ्या गरम रुळात बुटकीचा हात गेला. बुटकी म्हणजे नऊ वर्षं तिच्याच डब्यात जेवणारी मैत्रीण. रुळापुढची जाळी चार महिने तुटलेली होती.

साहेबांनी तिला बोलावून घेतलं. "उद्या चौकशी आहे. चिठ्ठीवर सही मुकादमांची, जबाबदारी त्यांची."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "जबाबदारीला मुकादम, आणि पगाराला इस्त्रीवाली? वा रे वा! रोज लिहून देत होते, जाळी तुटलीय म्हणून. त्यावर तुमचाच शेरा आहे, काम थांबवू नये. सगळ्या प्रती आहेत माझ्याकडे!"

साहेबांचा चेहरा उतरला. "बसा ना, मुकादमबाई. ती जागा उद्यापासून तुमचीच. प्रती तेवढ्या इथे ठेवा."

हे शब्द ऐकायला ती नऊ वर्षं थांबली होती. क्षणभर तिला मोह झाला, आणि त्या मोहाचाच तिला जास्त संताप आला. ती उठली, जिना चढून वॉर्डात गेली आणि प्रतींचा गठ्ठा बुटकीच्या धड हाताखाली ठेवला.

"उद्या हे चौकशीवाल्यांच्याच हातात दे. साहेबाला सोडू नकोस."

बुटकीने मान हलवली.

"आणि मलाही सोडू नकोस," ती पुढे म्हणाली. "रोज ती जाळी बघून यंत्र मीच सुरू करत होते."

बुटकीने गठ्ठा घट्ट धरला.