बटणमावशींचं जहाज

माणसांच्या चुका टिपत बसायचं काम देवानेही स्वतःकडे ठेवलं नाही, त्यासाठी वेगळा कारकून नेमला. स्टुडिओत त्या कारकुनाचं नाव एका माणसाला कायमचं चिकटलं होतं. त्याला सगळे चित्रगुप्त म्हणायचे, अगदी त्याची बायकोसुद्धा.

काम ऐकायला सोपं होतं. सोमवारी कप्तानाच्या कॉलरचं वरचं बटण उघडं असेल आणि त्याच प्रसंगाचा उरलेला तुकडा गुरुवारी घ्यायचा असेल, तर गुरुवारीही ते उघडंच हवं. पेला अर्धा भरलेला होता की पाऊण, जखम कुठल्या भुवईवर होती, कोण कुठल्या पायावर भार देऊन उभं होतं, हे सगळं चित्रगुप्ताच्या वहीत असायचं. संवादातला एक शब्द जरी इकडचा तिकडे झाला तरी त्याची पेन्सिल वर जायची आणि दिग्दर्शकाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागायची. "सात वर्षांत माझ्या नजरेतून एक चूक सुटलेली नाही," असं तो येताजाता सांगायचा. त्याच्याशी वाद घालून उगाच डोकेदुखी विकत कोण घेणार, म्हणून लोकही माना डोलवायचे.

मालिका अंतराळातली होती. घराची वाट चुकलेलं एक जहाज, त्यावरची माणसं आणि सात वर्षांचा प्रवास. आता ती संपत आली होती. दहा आठवडे उरले होते, आणि त्यानंतर ते पत्र्याचं आणि प्लायवूडचं जहाज मोडून टाकणार असं नक्की झालं होतं. तेवढ्यात मुख्य लेखिकेने चित्रगुप्ताला बोलावलं. ही बाई रागीट म्हणून प्रसिद्ध होती. तिच्या खोलीत खुर्ची रिकामी असली तरी लोक उभेच राहायचे.

"बसा," ती म्हणाली. चित्रगुप्त घाबरला.

"वाहिनीला स्पिन-ऑफ हवाय. या मालिकेतून फुटणारी दुसरी मालिका. दीडशे माणसांचं काम चालू राहील. पण त्यांची अट आहे. म्हणे, नवी गोष्ट आभाळातून पडल्यासारखी वाटायला नको. तिचं बी जुन्या भागांमध्येच पेरलेलं दिसलं पाहिजे."

"मग तुम्ही पेरलंय ना?"

"डोंबलाचं पेरलंय!" लेखिका म्हणाली. "सात वर्षं मी पुढचा भाग वेळेवर देण्याच्या मागे धावतेय. आता तुम्ही शोधा. सगळे भाग पहिल्यापासून बघा. कुठेतरी सुटलेला धागा असेल, कुणी अर्धवट बोललेलं असेल, एखादं दार उघडं राहिलेलं असेल. पंधरा दिवसांत मला काहीतरी आणून द्या, नाहीतर सगळेच घरी बसू."

चित्रगुप्त रोज सकाळी संकलनाच्या खोलीत जाऊन बसू लागला. एकशे सत्तर भाग! त्याने कप्तानाचा प्रत्येक संवाद तपासला, जहाजावरच्या वैद्यबाईंच्या खोलीतली प्रत्येक बाटली पाहिली. नवव्या दिवसापर्यंत हाती भोपळाच होता. सुटलेला धागा नव्हताच. कसा असेल? सुटलेले धागे कापणं हेच तर त्याचं काम होतं.

दहाव्या दिवशी कंटाळून त्याने कप्तानाकडे बघणं सोडलं आणि त्याची नजर मागे गेली.

जहाजाच्या नियंत्रण कक्षात अगदी मागे, खांबाला लागून एक बाई बसायची. साठीच्या आसपासची, सडपातळ, करड्या गणवेशातली. तिच्यापुढे बटणांचा लांबलचक बोर्ड. सात वर्षांत तिला एकही संवाद नव्हता. सेटवर सगळे तिला बटणमावशी म्हणायचे. चित्रगुप्ताच्या वहीत तिची नोंद 'मागची बाई, केस बांधलेले' एवढीच होती.

जहाज डावीकडे वळलं तेव्हा मावशींनी तीन पिवळी बटणं दाबली. चित्रगुप्ताने एक जुना भाग लावला, त्यातही जहाज डावीकडे वळत होतं. तीच तीन पिवळी, त्याच क्रमाने. त्याने आणखी एक भाग लावला, मग आणखी एक. दार उघडलं की एक पांढरं. वेग वाढला की हिरव्या ओळीतली एक सोडून एक. धोक्याची घंटा वाजली की आधी दोन्ही हात वर, मग कडेचं निळं. पहिल्या भागापासून एकदाही चुकलं नव्हतं. ती बटणं कशालाच जोडलेली नव्हती, दाबली की नुसता दिवा लागायचा. चित्रगुप्ताच्या अंगावर काटा आला. सात वर्षं त्याच्या पाठीमागे एक बाई एकटीने, कुणाला न सांगता, ते जहाज खरोखर चालवत होती.

मग चौथ्या वर्षातला एक भाग आला. जहाज डावीकडे वळलं, मावशींचा हात डाव्या टोकाला गेला, पिवळ्या बटणांच्या जागी. बोटं टेकली आणि थांबली. मग हात सावकाश उजव्या टोकाला गेला आणि तिथे त्यांनी तीन पिवळी बटणं दाबली. चित्रगुप्ताने चित्र थांबवलं. पिवळी बटणं उजवीकडे होती! त्याला आठवलं. त्या वर्षी छत गळलं होतं आणि पाणी सेटवर आलं होतं. सेटवरच्या सुतारमामांनी बोर्ड उतरवून वाळत ठेवला आणि महिनाभराने परत बसवला. पण उलटा बसवला. डावं टोक उजवीकडे गेलं. ही चूक पकडायचं काम जगात एकाच माणसाचं होतं, आणि त्याने ती तीन वर्षं पाहिलीच नव्हती.

त्या दिवशी घरी त्याला घास जाईना. शेवटी त्याने बायकोला सगळं सांगितलं. "आता हे लेखिकेला सांगितलं तर माझं नाक कापलं जाईल. नाही सांगितलं तर तिला द्यायला माझ्याकडे दुसरं काही नाही."

बायको म्हणाली, "इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका चघळल्या त्या गोड लागल्या का? आता स्वतःची गिळायची वेळ आली तर लगेच तोंड कडू झालं?" मग जरा मऊ आवाजात म्हणाली, "आधी त्या मावशींशी बोला. कधी बोललायत का त्यांच्याशी?"

नव्हता बोलला. सात वर्षांत 'मावशी, जरा सरका' यापलीकडे काही नाही.

दुसऱ्या दिवशी मावशी कपडेपटाच्या बाकावर बसून गणवेशाला टाके घालत होत्या. चित्रगुप्ताने घाबरत विषय काढला. मावशींनी सुई थांबवली नाही.

"भाऊ, मी चोवीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. समोर असाच बोर्ड असायचा. हा गावाबाहेरचा, हा दवाखान्याचा, हा पोलिसांचा. मग मशिनं आली आणि आम्हाला घरी पाठवलं. इथे आले तेव्हा दिग्दर्शक म्हणाले, काहीही दाबत राहा, दिवे लागले की झालं. आता काहीही कसं दाबणार? आमच्याकडे कुणी काहीही दाबलं असतं तर एकाच्या घरची मयताची बातमी दुसऱ्याच्या घरी गेली असती. म्हणून पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं, कुठलं बटण कशाचं ते."

"आणि चौथ्या वर्षी? बोर्ड उलटा बसला तेव्हा?"

"लक्षात आलं की लगेच. पण म्हटलं, चूक आपल्या लोकांची, त्या जहाजावरच्या बाईला काय माहीत? तिच्या दृष्टीने जहाजच बदललं. म्हणून ती अजूनही आधी जुन्या जागेला हात लावते. प्रत्येक वेळी. नीट बघा, दिसेल तुम्हाला."

त्याने पाहिलं. तीन वर्षांत बोर्ड त्रेसष्ट वेळा पडद्यावर आला होता आणि त्रेसष्टही वेळा ती बोटं आधी जुन्या जागी टेकली होती. इतक्या निगुतीने केलेलं काम त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं, स्वतःचंसुद्धा नाही. तो खोलीत एकटाच होता, तरी उठून उभा राहिला.

लेखिकेसमोर त्याने आधी स्वतःची चूक कबूल केली. एका दमात, खाली बघून. मग ते तुकडे दाखवले. लेखिका ओरडेल म्हणून तो मान खाली घालून वाट बघत राहिला. वर पाहिलं तर बाईंचे डोळे विस्फारलेले.

"चौथ्या वर्षी, याच्या अगदी आधी, जहाज धुळीच्या ढगातून गेलं होतं," ती हळूच म्हणाली. "सगळे अकरा दिवस झोपले होते. मला सुट्टी हवी होती म्हणून मी ते अकरा दिवस घातले. त्या अकरा दिवसांत काय झालं ते मी कधी लिहिलंच नाही." तिने टेबलावर हात आपटला. "जहाज बदललं! ही माणसं तीन वर्षं हुबेहूब दुसऱ्याच जहाजात बसलीयत. मग खरं जहाज कुठंय? त्याच्यावर कोण आहे? अहो चित्रगुप्त, हीच आपली नवी मालिका! मी यातलं काही पेरलं नाही, आणि तरी सगळं उगवलंय!"

वाहिनीच्या लोकांना ते तुकडे दाखवले. त्यांनी ते चारदा बघितले. म्हणाले, हे खरं वाटतंय, पण आता शेवटच्या भागात त्या बाईला बोलावं लागेल. तो प्रसंग पटला तर स्पिन-ऑफ नक्की, नाही पटला तर विषय संपला. म्हणजे दीडशे माणसांच्या चुली एका अशा बाईच्या जिभेवर येऊन बसल्या, जिला सात वर्षांत कुणी एक अक्षर बोलायला दिलं नव्हतं. लेखिकेने तिच्यासाठी आठ ओळींचा संवाद लिहिला. त्यात भीती होती, कर्तव्य होतं, तारेही होते. मावशींनी तो पाठ केला. तालमीत बिनचूक म्हटला, पण गणिताचे पाढे म्हटल्यासारखा. लेखिकेने कपाळाला हात लावला. आता बदलायला वेळ नव्हता.

चित्रीकरणाच्या दिवशी सेटवर उभं राहायला जागा नव्हती. सुतारमामा, कपडेपटवाल्या, चहावाला, वाहिनीचे दोन साहेब, सगळे भिंतीला चिकटून उभे. चित्रगुप्त वही उघडून नेहमीच्या जागी बसला. दिवे लागले. कप्तान खांबापाशी गेला. सात वर्षांत तो प्रथमच तिथवर गेला होता.

"हे आपलं जहाज नाही," कप्तान म्हणाला. "तुम्हाला माहीत होतं?"

"हो," मावशी म्हणाल्या.

"कधीपासून?"

"झोपेतून जाग आली त्या दिवसापासून."

"मग तीन वर्षं गप्प का बसलात?"

इथे त्या आठ ओळी होत्या. मावशींनी तोंड उघडलं, मिटलं. बोर्डावरचा हात उचलून त्यांनी मांडीवर ठेवला. मग कप्तानाकडे सरळ बघत, राग नाही, तक्रार नाही, अशा आवाजात म्हणाल्या,

"मला कुणी विचारलंच नाही."

कप्तान हा मोठा नट होता. त्याचे डोळे भरले, आणि ते काही अभिनयाने भरले नव्हते. कपडेपटातल्या एकीने पदर तोंडाला लावला. दिग्दर्शक 'कट' म्हणायला विसरला. मग भानावर येऊन त्याने नियमाप्रमाणे चित्रगुप्ताकडे पाहिलं. संवाद लिहिल्याप्रमाणे झाला का, हे सांगायचा अधिकार त्या एकट्याचा होता. वाहिनीचे साहेबही त्याच्याकडे बघू लागले.

समोरच्या कागदावर आठ ओळी होत्या. त्यातला एक शब्दही बोलला गेला नव्हता. चित्रगुप्ताची पेन्सिल हातात होती. त्याने मावशींकडे पाहिलं. त्या निमूट बसल्या होत्या, पुन्हा करा म्हटलं तर पुन्हा करायच्या तयारीने.

"बरोबर आहे," तो म्हणाला. मग सगळ्यांना ऐकू जावं म्हणून त्याने पुन्हा मोठ्याने सांगितलं, "अक्षरन् अक्षर बरोबर आहे!"

लेखिकेने आपल्या हातातला कागद घडी करून पर्समध्ये टाकला. वाहिनीच्या साहेबांनी तिथेच उभ्या उभ्या मान हलवली आणि सेटवर जो कल्ला उसळला त्याला तोड नव्हती. सुतारमामा तर आपल्या उलट्या बोर्डाचं श्रेय घेत सगळीकडे फिरू लागले.

गर्दी चहाकडे पांगली. चित्रगुप्ताने एक स्टूल ओढलं आणि खांबापाशी, मावशींच्या शेजारी नेऊन ठेवलं. वहीचं कोरं पान काढलं.

"मावशी," तो म्हणाला, "हे पहिलं बटण कशाचं?"

मावशींनी त्याच्याकडे पाहिलं, हात पुढे केला आणि सांगायला लागल्या. बोर्डावर एकशे बारा बटणं होती. जेवायला बोलवायला तीनदा माणूस येऊन गेला, तरी दोघं उठले नाहीत.