काळ्या कव्हरावरची सरस्वती

माझ्या वयाच्या बायका गुडघ्याला कुठलं तेल चांगलं आणि मुलाला कुठली मुलगी चांगली ह्याची चौकशी करत असतात. मी मागच्या वर्षी एका हेवी मेटल बँडच्या नव्या अल्बमची वाट बघत होते. बँड म्हणजे चार म्हातारे. सोळा वर्षं त्यांनी काही काढलं नव्हतं. मधल्या काळात एकाची बायपास झाली, एकानं दारू सोडली, एकानं परत धरली, आणि ड्रमरनं म्हणे शेळ्या पाळल्या. मग अचानक जाहीर केलं की आम्ही परत येतोय. ‘विशीत मरणाची गाणी म्हणायचे, सत्तरीतही मरणाचीच म्हणतायत, आता निदान विषयाचा अभ्यास झालाय,’ असं माझा नवरा म्हणाला. नवरा पुण्याचा, भावगीतांवर वाढलेला. ह्या बाबतीत त्याच्या मताला मी काडीची किंमत देत नाही.

अल्बम साधाही मिळत होता, पण मला हवी होती कलेक्टर्स एडिशन. ती आमच्या फरीदाबादच्या फ्लॅटवर कुरियरनं आली तेव्हा मी ऑफिसची मीटिंग सोडून दार उघडायला धावले. खोका चांगला पाटाएवढा. आत दोन रेकॉर्ड, जाड पुस्तक, कवटीची किल्ली-साखळी, नंबर घातलेलं सर्टिफिकेट, आणि सगळ्यात वर एक काळंभोर कव्हर. त्यावर काही म्हणजे काही छापलेलं नव्हतं. ना नाव, ना कवटी. सोबत एक चंदेरी मार्कर. ते कव्हर कोरं ठेवलं होतं सह्यांसाठी. दसरा झाला की पुढच्या रविवारी बँड गुडगावला येणार होता, आणि ज्याच्याकडे हा खोका असेल त्याच्या कव्हरावर चौघं सह्या करणार होते.

“रेकॉर्ड वाजवणार कशावर?” नवऱ्यानं विचारलं. आमच्याकडे रेकॉर्ड प्लेअर नाही.

“वाजवायला नाही घेतलं.”

“अच्छा. म्हणजे पूजेला.”

ह्या माणसाच्या जिभेला हाड नाही, पण त्या दिवशी तो किती खरं बोलला ते मला नंतर कळलं.

ही सही मला का हवी होती ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल बाईला पन्नाशीत खूळ लागलं. खूळ एकोणिसाव्या वर्षीच लागलं होतं. तेव्हा आम्ही करोलबागेत राहायचो. बाबा पहाडगंजच्या मराठी शाळेत गणित शिकवायचे, आणि मी कॉलेजातून थेट मुनिरकाला मैत्रिणीच्या भाड्याच्या खोलीवर जाऊन कॅसेट ऐकायचे. एका कॅसेटच्या तालावर डोकी झटकून तीन जणींची मान दुखायची. त्या वर्षी हा बँड चक्क दिल्लीत आला. मी तिकीट काढलं आणि केमिस्ट्रीच्या पुस्तकात लपवलं. बाबा एरवी माझ्या केमिस्ट्रीच्या वाटेला जात नसत. त्या दिवशीच नेमकं त्यांना माझा अभ्यास बघावासा वाटला. तिकिटावर बँडचा फोटो होता, चौघांचे केस कमरेपर्यंत, एकाच्या हातात साखळदंड. बाबांनी तिकीट लोखंडी कपाटात टाकलं, किल्ली खिशात घातली आणि म्हणाले, “अशा ठिकाणी चांगल्या घरच्या मुली जात नाहीत.”

बस्स. एवढंच वाक्य. मी रडले, जेवले नाही, आईनं मध्यस्थी केली, काही उपयोग झाला नाही. दुसऱ्या दिवशी मैत्रिणी बसलेल्या घशानं कॉलेजात आल्या आणि पंधरा दिवस दुसरं काही बोलल्या नाहीत. मी बाबांशी महिनाभर बोलले नाही. पुढे लग्न झालं, नोकऱ्या झाल्या, आई गेली, तीन वर्षांपूर्वी बाबा माझ्याकडे राहायला आले, तरी तो विषय निघाला की ते पेपर उघडत. ‘चुकलं’ हा शब्द गणिताच्या मास्तरांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्यांसाठी राखून ठेवला होता. मला तो एकदा माझ्या वाट्याला हवा होता. तो मिळणार नाही हे माहीत होतं, म्हणून निदान सही तरी, असं माझं सरळ गणित होतं.

आमच्या घरी कुणी हात लावत नाही अशी एकच जागा आहे, देवघरासमोरचा पाट. कामवाली तिथलं पुसत नाही, नवरा तिथे चहाचा कप ठेवत नाही. म्हणून मी अक्कल चालवून ते कोरं कव्हर आणि मार्कर तिथे ठेवलं. वर नव्या वस्तूला म्हणून खोक्याच्या पुठ्ठ्याला हळदीकुंकूही लावलं. सैतानाची गाणी असली म्हणून काय झालं, वस्तू नवीनच ना.

आणि मग दसरा आला.

दसऱ्याला सकाळी मी आंघोळ करून बाहेर आले, तर उदबत्तीचा वास. बाबा पाटासमोर मांडी घालून बसलेले, सोवळं नेसून, चष्मा कपाळावर. समोर माझं काळं कव्हर. त्यावर चंदेरी मार्करनं सरस्वती काढलेली. आपली पाटीवरची सरस्वती हो, एकाचे आकडे उभे-आडवे मांडून, त्यांच्या शेपट्या एकमेकींत गुंतवून काढतात ती. एकही रेघ वाकडी नाही. वर ‘श्री’. मधोमध हळद, कुंकू, अक्षता, आणि कोपऱ्यात कचनाराची दोन पानं, कारण आपटा फरीदाबादेत मिळत नाही.

माझे डोळे पांढरे झाले.

“बाबा! हे काय केलंत?”

“पाटीपूजन,” बाबा म्हणाले, अगदी खुशीत. “पाटी छान आणलीस गं. पेन्सिलही नव्या पद्धतीची दिसते. पुसायची कशी?”

तेव्हा मला आठवलं. आदल्या वर्षी त्यांची जुनी पाटी फुटली होती. मी सगळी बाजारपेठ पालथी घातली, पण पाटी नावाची वस्तू कुठल्याच दुकानदाराला कळेना. एकानं मला टॅबलेट दाखवला, एकानं ‘पट्टी’ ऐकून केमिस्टचा पत्ता दिला. शेवटी बाबांनी कॅलेंडरच्या पाठीमागे सरस्वती काढली आणि दिवसभर तोंड पाडून बसले. तेव्हा मीच म्हटलं होतं, “पुढच्या दसऱ्याला नक्की पाटी आणते.” म्हणजे म्हाताऱ्यानं माझ्या शब्दावर विश्वास ठेवला होता, एवढाच त्यांचा गुन्हा. पण त्या क्षणी मला गुन्हेगार हवा होता.

“पाटी नाहीये ती!” मी ओरडले. “त्याच बँडचं कव्हर आहे! सह्यांसाठी! तेव्हा तिकीट कपाटात कोंडलंत, आता हे! माझ्या आयुष्यात तुम्हाला दुसरं काही दिसत नाही का हो? एकदा तरी म्हणा, चुकलं म्हणून!”

बाबांनी हातातली फुलं खाली ठेवली. “मला वाटलं तू पाटी आणलीस,” एवढंच म्हणाले, आणि भिंतीला धरून उठून आपल्या खोलीत गेले. नवरा स्वयंपाकघरातून श्रीखंडाचा चमचा हातात घेऊन बाहेर आला, कव्हर बघितलं, आणि लग्नानंतर पहिल्यांदा त्याला काही विनोद सुचला नाही.

मी काय काय केलं म्हणून सांगू? आधी ओलं फडकं, मग डेटॉल, मग नेलपॉलिश रिमूव्हर. मार्कर पक्का होता, काळा रंग कच्चा होता. सरस्वती जागची हलली नाही, तिच्या शेजारी एक पांढरट डाग मात्र पडला. कुंकू तर असं मुरलं होतं की सांगता सोय नाही. संध्याकाळी सेक्टरच्या मैदानात रावण जळाला तेव्हा मला त्याच्याबद्दल पहिल्यांदाच आपलेपणा वाटला.

पुढचे चार दिवस बाबा माझ्यासमोर जेवायला बसले नाहीत. आधी मला बरं वाटलं, मग लाज वाटली, मग लाज वाटते म्हणून आणखी राग आला. शनिवारी मी त्यांच्या दारात उभी राहिले.

“उद्या चला माझ्याबरोबर. हे काय आहे ते त्या लोकांना तुम्हीच सांगा. मला नाही सांगता यायचं.”

खरं तर मला त्यांना शिक्षा करायची होती. बाबांनी मान हलवली आणि पांढरा शर्ट इस्त्रीला काढला.

गुडगावच्या त्या मॉलमध्ये रांग लागली होती. मला वाटलं होतं पोरंटोरं असतील. कसली पोरं! सगळे माझ्याच वयाचे. काळे टी-शर्ट पोटावर ताणलेले, छातीवर कवट्या, डोक्यावर केस नाहीत. एकजण बायकोला फोनवर विचारत होता की येताना पनीर आणायचंय का. बाबा पांढऱ्या शर्टात, हातात काठी, वर्गावर आल्यासारखे ताठ. त्यांनी मागच्या जाडजूड माणसाला विचारलं, “आप क्या करते हैं?”

“जी, चार्टर्ड अकाउंटंट हूँ.”

पुढचा बँकेत होता. त्याच्या पुढची बाई दातांची डॉक्टर, अंगावर वटवाघळाचा टॅटू, आणि तिनं बाबांना बसायला स्वतःची घडीची खुर्ची दिली. बाबा खुर्चीत बसले आणि जरा वेळानं हळूच म्हणाले, “चांगल्या घरचे आहेत गं सगळे.”

मी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी मान खाली घातली. रांग संपेपर्यंत नुसते काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले.

आमची पाळी आली. टेबलामागे चौघं बसले होते. गायकाच्या गळ्यात दोरीला वाचायचा चष्मा. टेबलापाशी उभी असलेली मुलगी सगळ्यांना बजावत होती, एकाला अर्धं मिनिट, फोटो नाही, गप्पा नाहीत. तिनं माझं कव्हर बघितलं आणि नाक मुरडलं. “मॅम, ये तो ऑलरेडी मार्क्ड है.”

गायकानं हात पुढे करून कव्हर घेतलं. चष्मा डोळ्यांवर चढवला. “हे काय आहे?” त्यानं इंग्रजीत विचारलं.

तीस वर्षं मी आरशासमोर ह्या माणसाशी बोलत आलेय. पाच-सहा वाक्यं तोंडपाठ. त्यातलं एक धड आठवेल तर शपथ!

बाबा पुढे झाले. काठी डाव्या हातात घेतली आणि शाळा तपासायला आलेल्या इन्स्पेक्टरशी बोलायचे त्याच इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करून बोलायला लागले.

“महाशय, ही विद्येची देवता आहे. एक ह्या आकड्यापासून काढली आहे. मी पाटी समजून काढली. माझ्या मुलीचा ह्यात दोष नाही.”

“सुंदर आहे,” गायक म्हणाला आणि त्यानं पेन उचललं.

“अजून एक आहे,” बाबा म्हणाले. “तीस वर्षांपूर्वी आपण दिल्लीत आला होता. माझ्या मुलीकडे तिकीट होतं. मी ते काढून घेतलं. मला आपली काही माहिती नव्हती. मी फोटो बघून ठरवलं. हिच्या आईनं विनवलं, तरी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ही कॉलेजला जाताना मला अच्छा म्हणाली नाही, तेव्हाच मला कळलं होतं. पण मी शिक्षक होतो. मला सांगता आलं नाही. माझी चूक झाली. मला क्षमा करा.”

गायकानं पेन खाली ठेवलं. टेबलाला धरून, गुडघा सावरत उठला आणि बाबांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. काहीतरी म्हणाला, मला ऐकू आलं नाही, कारण ती मुलगी “टाइम, टाइम” करत कव्हर माझ्या हातात कोंबून आम्हाला पुढे ढकलत होती. ड्रमरनं तोवर चार्टर्ड अकाउंटंटच्या कव्हरावर सही ठोकली होती.

आम्ही रांगेसाठी बांधलेल्या दोराच्या बाहेर आलो. मी कव्हर बघितलं. सरस्वती, कुंकू, पांढरट डाग. सही एकही नाही.

“राहिली का गं?” बाबांनी विचारलं.

“राहिली.”

“थांब, मी परत रांगेत उभा राहतो. त्यांना सांगतो.” आणि ऐंशी पार केलेला तो माणूस खरंच काठी टेकत मागे वळला.

मी त्यांच्या शर्टाची बाही पकडली. मला प्रचंड राग आला होता. माफी मागायची माझी, आणि हे मागून आले त्या बाप्याची! माझं अर्धं मिनिट खर्च करून!

“सही नको,” मी म्हटलं. “तिथे जे बोललात ते मला सांगा. मराठीत.”

बाबांनी इकडे तिकडे बघितलं. पुढच्या दुकानात बुटांचा सेल लागला होता, लोक पिशव्या घेऊन धक्के मारत जात होते. त्यांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत घातला. पेपर उघडायची सोय नव्हती.

“चुकलं गं माझं,” ते पुटपुटले.

“ऐकू नाही आलं.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग छाती भरून श्वास घेतला आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा त्या आवाजात, भर मॉलमध्ये, बुटांच्या सेलसमोर म्हणाले, “चुकलं माझं!”

माणसं थबकून बघायला लागली. मी त्यांच्या पांढऱ्या शर्टात तोंड खुपसून रडले, एकोणिसाव्या वर्षी रडले होते तशीच, मोठ्यानं आणि लाज सोडून.