न तापवता चाललेला सेल

मुळ्ये मॅडम कुठलीही नवी फिल्म आधी खिडकीशी नेऊन उजेडात धरायच्या, मशीनवर नंतर. मी पीएच.डी.साठी सांगलीहून इंदूरला आले, त्या पहिल्या दिवशी नाव विचारायच्या आधीच त्यांनी सायीसारखा एक पातळ तुकडा माझ्या हातावर ठेवला.

"वाकव. तुटत नाही ती."

मी वाकवला. सोडल्यावर तो हळूच सरळ झाला.

"ही पॉलिमरची फिल्म. लिथियम बॅटरीच्या पोटात आत्ता जे लिक्विड असतं ना, ते गळतं, आग पकडतं. त्याच्या जागी ही बसवायची. दिक्कत एकच आहे. गरम केली तर ही लिथियमला जाऊ देते, थंडीत मात्र अडवून धरते. तिची ही जिद्द मोडायची, बस. चहा घेणार?"

मॅडमचं घर इंदुरातल्या बडा गणपती मंदिराजवळ. संस्थानी काळात त्यांचे पणजोबा कारकून म्हणून इकडे आले आणि इथलेच झाले. त्यामुळे मॅडमच्या मराठीत क्रियापदं तेवढी आपली, बाकी निम्मा माळवा. एरवी त्या मला "बेटा" म्हणत. पण आनंद झाला की समोरचा कोणीही असो, तो "भिया", म्हणजे भाऊ, व्हायचा. मी मुलगी आहे याने काही फरक पडत नसे.

काम ऐकायला सोपं होतं. पॉलिमरच्या साखळ्या थंडीत एकमेकींना चिकटून शिस्तीत बसतात आणि लिथियमचा रस्ता बंद होतो. त्यात सिरॅमिकचे अतिसूक्ष्म कण मिसळले तर ती शिस्त बिघडते, रस्ता मोकळा होतो. मॅडम म्हणत, "क्लासमध्ये चार शैतान पोरं बसवल्यासारखं आहे ते." पण कण सगळीकडे सारखे पसरायला हवेत. आमचे पसरत नव्हते. मॅडम फिल्म खिडकीशी धरत, पांढरे ठिपके बघत आणि शांतपणे म्हणत, "परत."

आणि एका पावसाळ्यात ते जमलं. मशीनच्या पडद्यावर एक अर्धवर्तुळ उमटतं. ते जितकं लहान, तितका लिथियमला अडथळा कमी. त्या दिवशी ते इतकं लहान आलं की मी खुर्चीवरून उठलेच. पुढच्या आठवड्यात प्रकल्पाची मुदत वाढवायची की नाही, हे ठरवणारी समिती येणार होती. मॅडमनी आलेख पाहिला. त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच विझला.

"पानी तो नहीं पी गई ही?"

पॉलिमर हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि ओल्या फिल्ममधून लिथियम सहज पळतं. म्हणजे निकाल पावसाचा, आमचा नाही. मी म्हटलं, "मॅडम, समिती जाऊ दे, मग तपासू."

"आत्ता सुकव, बेटा. मला माहीत नसतं तर गोष्ट वेगळी. आता विचार आलाय डोक्यात."

आम्ही ती व्हॅक्यूममध्ये सुकवली. अर्धवर्तुळ पुन्हा पूर्वीएवढं मोठं झालं. मॅडमनी समितीला दोन्ही आलेख दाखवले आणि पहिला का खोटा हे स्वतःच समजावलं. समितीने मुदत दिली, पण फक्त मॅडमच्या निवृत्तीपर्यंत, म्हणजे जानेवारीपर्यंत. मला रडू येत होतं. बाहेर येऊन मॅडम म्हणाल्या, "चल, पोहे खाऊ. भूखे पेट डोकं चालत नाही."

कोपऱ्यावरच्या ठेल्यावर त्यांनी पोह्यांवर जीरावन मसाला भुरभुरायला डबी उलटी केली. पावसाळी हवेने मसाल्याचे गोळे झाले होते. एक गोळा बदकन एकाच जागी पडला. मॅडम त्याच्याकडे बघत राहिल्या. चमच्याने तो फोडायला गेल्या, तर पोह्यांत तसाच रुतला.

"भिया," त्या म्हणाल्या, "आपण हेच करतोय."

पोहे तसेच ठेवून आम्ही परत आलो. आजवर आम्ही आधी पॉलिमरचं दाट द्रावण करायचो आणि त्यात कण टाकायचो. हवेतला ओलावा बसलेले कण गोळ्यांनी पडायचे आणि त्या दाटपणात तसेच अडकायचे. मॅडमनी क्रम उलटा केला. कण आधी भट्टीत खडखडीत वाळवायचे, मग ते पातळ द्रावकात मोकळे करायचे, आणि पॉलिमर सर्वांत शेवटी, थोडं थोडं. नवी फिल्म खिडकीशी धरली तेव्हा तिच्यात एकही ठिपका नव्हता. या वेळी आधी सुकवली, मग मोजली. अर्धवर्तुळ लहान आलं. पुन्हा सुकवली, पुन्हा मोजली. तेवढंच. मॅडम माझी पाठ थोपटत राहिल्या, जरा जोरातच.

मग नाण्याएवढे सेल बनवायची घाई सुरू झाली. काही पहिल्याच चार्जिंगला गेले. मॅडम ते उघडून बघत आणि म्हणत, "मेला तो मेला, का मेला ते सांग." जानेवारीत त्यांच्या निरोपसमारंभाच्या दुपारी मी शेवटचा सेल लावला, ऐन थंडीत, न तापवता. सभागृहात प्राचार्यांचं भाषण चालू असताना मी दारातून मान डोलावली. मॅडम हार गळ्यात तसाच ठेवून उठल्या, प्राचार्यांना "जरा माफ करा जी" म्हणाल्या आणि भरभर जिना चढून प्रयोगशाळेत आल्या.

पडद्यावरची व्होल्टेजची रेघ न ढासळता सपाट धावत होती. करंट लहानच होता, पण सेल चार्ज होत होता, रिकामा होत होता, पुन्हा चार्ज होत होता. मॅडम स्टुलावर बसल्या. हारातल्या झेंडूच्या पाकळ्या कीबोर्डवर पडत होत्या आणि मी त्या वेचत होते.

"थंडीत चालतोय, भिया," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "थंडीत."

खालून बोलावणं आलं, पुन्हा आलं. शेवटी प्राचार्यच वर आले आणि आमच्या मागे उभे राहून रेघ बघू लागले.

दोन दिवसांनी मॅडम नागपूरला थोरल्या बहिणीकडे कायमच्या निघाल्या. बहीण एकटी होती, तिचा पाय अधू झाला होता. मी सुट्टी टाकून स्टेशनवर यायचं ठरवलं होतं. सकाळी त्यांचा फोन आला.

"सेल चालू आहे?"

"हो मॅडम."

"मग स्टेशनवर कशाला येतेस, बेटा? मला सोडायला पुष्कळ लोक आहेत. तू त्याच्याजवळ बस."

मी बसले. गाडी सुटायची वेळ झाली तेव्हा सेल पुन्हा पूर्ण भरला होता. मी फोन करून सांगितलं. पलीकडे डब्यातला गलका होता, आणि त्यात मॅडम फोन न ठेवताच शेजारच्या कुणा अनोळखी बाईला हिंदीत, अगदी पहिल्यापासून, पॉलिमर म्हणजे काय ते समजावत होत्या.