पसंतीक्रम एक

मुलुंडमधल्या एका ज्युनिअर कॉलेजच्या ऑफिसात मी बावीस वर्षं क्लार्क आहे. वर्षातले दहा महिने मला कुणी विचारत नाही. बोनाफाईड हवं असेल तर "मॅडम, जरा लवकर द्या ना" एवढंच. पण इंजिनिअरिंगच्या सीईटीचा निकाल लागला रे लागला की माझा भाव वधारतो. प्रवेशाचा तो ऑनलाइन फॉर्म म्हणजे काय भानगड असते हे ज्याने भरलाय त्यालाच ठाऊक. सीईटीचे मार्क टाका, दाखले जोडा, ते तपासून घ्या आणि मग कॉलेजांची यादी द्या, पहिल्या पसंतीपासून खाली, एक, दोन, तीन. दिवसभर मोबाइलवर बोटं नाचवणाऱ्या पोरांचीही तो फॉर्म समोर आला की बोबडी वळते. मग सगळी वरात माझ्या टेबलापाशी.

माझ्या हाताला यश आहे, असं कुणीतरी उठवलं होतं. यादी पोरांची, पण शेवटचं कन्फर्मचं बटण मी दाबायचं, अशी प्रथाच पडली. एका वर्षी एका मुलाच्या वडिलांनी खिशातून उदबत्त्या काढल्या. मी ओरडले, "अहो, कॉम्प्युटर आहे हा, सत्यनारायण नाही!" तरी ते हात जोडून उभे राहिलेच. खोटं कशाला बोलू, आवडायचं मला ते.

प्रत्येकाला मी एक गोष्ट बजावायचे. पहिल्या नंबरवर तेच कॉलेज टाका ज्याच्यासाठी जीव तुटतोय. कारण पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला की खेळ खल्लास, सीट गोठली. पुढच्या फेऱ्यांना तुम्ही नाही, वर सरकणं नाही, काही नाही. हा नियम मी इतक्यांदा सांगितलाय की आमचा शिपाईसुद्धा झोपेत म्हणून दाखवेल. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे जे लिहिणार आहे त्याला चूक म्हणायची सोय राहायला नको.

मला एकच मुलगी. माझा नवरा भांडुपच्या एका वर्कशॉपमध्ये फिटर होता. खंडेनवमीला तिथे मशिनी पुसून झेंडूच्या माळा घालायचे, तेव्हा तो हिला खांद्यावर बसवून घेऊन जायचा. पोरीला त्या तेलाच्या वासाचं काय वेड लागलं देव जाणे. सहावीत असताना तिने घरचा मिक्सर खोलला होता. मी लाटणं घेऊन धावले तर हा मध्ये पडला. "अगो, माझां चेडू इंजिनिअर होतलां," तो त्याच्या मालवणीत म्हणाला, आणि दोघं खाली बसून तो मिक्सर जोडत राहिले. जोडला मेल्यांनी, पण त्यानंतर त्यात चटणी कधी बारीक झाली नाही.

ती अकरावीत असताना तो गेला. सकाळी दाढी करता करता. अर्ध्या गालाला फेस तसाच होता.

त्यानंतर आम्ही दोघीच. ती अभ्यास करायची, मी समोर बसून मेथी निवडायचे, नाहीतर नुसतीच बसायचे. सीईटीला तिला नव्याण्णवच्या वर पर्सेंटाइल पडले. मी ऑफिसात सगळ्यांना पेढे वाटले, दोनदा. तिला पुण्याचं ते जुनं सरकारी कॉलेज हवं होतं, मेकॅनिकल. ज्या कॉलेजसाठी लोक देव पाण्यात घालून बसतात ते. मागल्या वर्षीची कटऑफ बघता तिला ते मिळण्यासारखं होतं. आम्ही दोघींनी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर यादी केली. पहिलं पुणं. मग आणखी दोन. चौथ्या नंबरवर आमच्या घरापासून रिक्षाने जाता येईल असं एक खाजगी कॉलेज, "असू दे आपलं सेफ्टीला" म्हणून. ते तिला कधीही मिळालं असतं.

कन्फर्म करायचा शेवटचा दिवस होता. ती मैत्रिणीबरोबर हॉस्टेलसाठी बॅग घ्यायला बाजारात गेली होती. जाताना म्हणाली, "आई, तूच दाब गं बटण. लोकांच्या पोरांना यश वाटत फिरतेस, जरा मला पण दे." मोबाइल नंबरही माझाच होता फॉर्मवर, ओटीपी मलाच येणार होता.

दुपारी ऑफिसात कुणी नव्हतं. मी डबा उघडला. पोळ्या बघितल्या आणि मला एकदम वाटलं, पुढल्या महिन्यापासून मी एकटीसाठी कणीक भिजवणार. एका माणसाची कणीक किती घ्यायची हेच मला माहीत नव्हतं. माहेरी आम्ही सात जण, सासरी पाच, मग तीन, मग दोन. एक कधी नव्हतंच. संध्याकाळी कुलूप उघडायचं, दिवा लावायचा, आणि कुणाला "आलीस का गं" म्हणायचं नाही. मला भीती वाटली. नवरा गेला तेव्हासुद्धा अशी वाटली नव्हती, कारण तेव्हा ही होती.

मी डबा बाजूला सारला. यादी उघडली. चौथ्या कॉलेजपुढच्या चौकटीत चार खोडून एक लिहिलं. बाकीचे आपोआप खाली सरकले. पेन्सिलीला टोक काढायला जास्त वेळ लागतो. ओटीपी आला, टाकला, बटण दाबलं. मग मी उरलेली पोळी खाल्ली. ती पण खाल्ली, हे मला अजून पटत नाही.

पुणं काही लांब नाही हो, तीन-साडेतीन तासांचं. मला काय कळत नव्हतं? लोक पोरींना सातासमुद्रापार पाठवतात. पण त्या दुपारी मला पुण्याचं नाव नको झालं होतं.

निकाल लागला तेव्हा ती लॅपटॉपसमोर आणि मी तिच्या पाठीशी. घराजवळचं कॉलेज, पसंतीक्रम एक. ती वाचत राहिली. मग मान वळवून म्हणाली, "आई, एक नंबरवर हे कसं गेलं?" पुढे तीच म्हणाली, "चुकून झालं ना गं?"

मी म्हटलं, "हो."

दोनच दिवसांनी कटऑफची यादी आली. पुण्याच्या मेकॅनिकलला तिच्या बऱ्याच खालच्या मुलांनाही सीट मिळाली होती. तिने ती यादी शेवटपर्यंत बघितली. मला रडू फुटलं. तिने उठून मला पाणी आणून दिलं आणि पाठीवरून हात फिरवला. "रडू नको गं. तू काय मुद्दाम केलंस का?" सतरा वर्षांची पोर, तिचं स्वतःचं सगळं बुडालं होतं, आणि ती माझी समजूत काढत होती.

काही बदलता येतं का बघायला आम्ही प्रवेशाच्या सुविधा केंद्रावर जाऊन आलो. तिथल्या बाईंनी तोच नियम सांगितला जो मी शंभर जणांना सांगितला होता. मी मान हलवून ऐकून घेतला. शेजारच्या काकू जिन्यात कुणाला तरी म्हणाल्या, "लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण." माझ्या मुलीने ते ऐकलं. एरवी कुणाला उलट न बोलणारी ती, तरातरा दोन पायऱ्या उतरून गेली. "काकू, माझ्या आईला काही बोलायचं नाही. एवढ्या पोरांचं भलं केलंय तिने, एकदा चुकली तर काय झालं?" माझ्या भावाने फोनवरून मला झापलं, तेव्हा तिने फोन माझ्या हातातून घेऊन त्याला सुनावलं. दोन वर्षं ती मामाशी धड बोलली नाही. माझ्यासाठी.

पुढच्या वर्षीपासून मी कुणाचं बटण दाबलं नाही. "तुमचं तुम्ही दाबा," म्हणायचे. लोकांना वाटलं, बिचारीने धसका घेतला.

आणि आता लाज सोडून लिहिते. त्या चार वर्षांत मी सुखात होते. ती पाच-साडेपाचला यायची, आल्या आल्या सँडल भिरकावायची, आम्ही चहा प्यायचो. ती कॉलेजातल्या मास्तरांच्या नकला करायची आणि मी हसायचे. कधी कधी हसता हसता आठवायचं. पण चहा मात्र मी कधी चुकवला नाही. तिचं मशिनींबद्दल बोलणं हळूहळू बंद झालं, तेही मला दिसत होतं. शेवटी सगळ्यांसारखीच ती सॉफ्टवेअरमध्ये लागली, ऐरोलीला. मी म्हटलं, बरं झालं, ऐरोली जवळ.

नोकरीला दोन वर्षं झाल्यावर मला न सांगता तिने जीआरईचा अभ्यास केला. परदेशात मास्टर्स करायचं तर ही परीक्षा लागते. मेकॅनिकलच, रोबो बनवायचं काहीतरी. म्हणजे आत ते होतंच. स्कोअर झकास आला. मग तिने मला सगळं सांगितलं. चार विद्यापीठांचे फॉर्म भरून तयार होते, फक्त स्कोअर पाठवायचा बाकी होता. तो गेल्याशिवाय फॉर्म पुरा होत नाही. मुदतीला आठवडा उरला तरी ती काही पाठवेना.

त्या रविवारी दुपारी आम्ही दोघी कोळंबी सोलत बसलो होतो. मी विचारलं, "अगं, कधी पाठवणार तू ते?"

"नाही पाठवत," ती म्हणाली. "तू एकटी कशी राहशील?"

"मला काय धाड भरलीये?"

"आई, खरं सांगू? तेव्हा मला खूप वाईट वाटलं होतं. पण आता वाटतं, देवानेच तुझ्याकडून ती चूक करवून घेतली. बाबा नुकतेच गेलेले. मी पुण्याला गेले असते तर तुझं काय झालं असतं? झालं ते चांगलंच झालं ना." आणि ती हसली. अगदी मनापासून.

मी नुसती गप्प बसले तरी पुरे होतं. यावेळी नंबरही बदलायचा नव्हता, काहीच करायचं नव्हतं. आठ दिवस तोंड मिटून काढले असते की पोर माझ्याजवळ राहिली असती, आणि तीही आनंदाने. देवाच्या नावावर सगळं खपून गेलं असतं. मी दोन-चार कोळंब्या सोलल्या. मोह झाला, नाही कशाला म्हणू?

मग मी म्हटलं, "देवाबिवाने काही केलं नाही. मी मुद्दाम केलं होतं."

ती सोलत राहिली. मला वाटलं ऐकू गेलं नाही. म्हणून मी सगळं सांगितलं, डब्यापासून. खाली मान घालून सांगितलं. माझं संपलं तेव्हा तिच्या हातातली कोळंबी तशीच होती.

"मी मामाशी भांडले," ती म्हणाली. "काकूंशी भांडले. तू तिथेच उभी होतीस ना?"

"होते."

ती उठली, बेसिनपाशी गेली, साबण लावून हात धुतले. परत लावून परत धुतले. नळ बंद करून तिथूनच म्हणाली, "चूक होती तेच बरं होतं, आई."

मग आतल्या खोलीत गेली. पाच-दहा मिनिटांत बाहेर आली आणि म्हणाली, चारही ठिकाणी स्कोअर पाठवला. मी कालवण केलं. ती जेवली. तिने भांडणतंटा केला नाही, दार आपटलं नाही. केलं असतं तर बरं झालं असतं, चार दिवसांत निवळलं तरी असतं. त्या दिवसापासून ती माझ्याशी नीट वागायला लागली. नीट म्हणजे, पाहुण्यांशी वागतात तसं.

ऑगस्टमध्ये ती गेली. विमानतळावर वाकून नमस्कार केला. मी तिच्या तोंडावरून हात फिरवला तर तिने फिरवू दिला.

आता दर रविवारी तिचा फोन येतो, कधी चुकत नाही. बीपीची गोळी घेतेस ना, विचारते. मी तिच्या रोबोचं विचारते, ती सांगते. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण आवाज कळतो. त्या रोबोबद्दल बोलताना तिचा आवाज खांद्यावर बसून मशिनी बघणाऱ्या पोरीचा होतो. तेवढं मी ऐकून घेते.

मागच्या महिन्यात मला ताप आला. चार दिवस उठवत नव्हतं. शेजारच्या त्याच काकूंनी पेज आणून दिली. म्हणाल्या, "पोरीला कळवा हो." मी म्हटलं, नको. काय कळवणार? मी आजारी आहे म्हटलं की तिला वाटणार, झालं हिचं परत सुरू, मला परत बोलवायला बघतेय. आणि तिला तसं वाटलं तर तिची काय चूक?

रविवारी फोन आला. माझा आवाज बसलेला होता.

"काय झालं गं?" तिने विचारलं.

"कुठे काय? पंख्याखाली झोपले रात्रभर."

ती जरा थांबली. पूर्वी असं थांबली असती तर पुढे काय म्हणणार ते मला आधीच कळलं असतं.

"बरं," ती म्हणाली. "काळजी घे."