देवघरावरची खोली

पाचवा तास चालू होता. शेजारच्या मालतीबाई वर्गाच्या दारात दिसल्या तेव्हाच मी खडू खाली ठेवला. "तुमच्या दादांना बरं नाही," एवढंच त्या म्हणाल्या. फणसवाडीत घरी पोचले तर दादा देवघरावरच्या खोलीत खुर्चीतच होता... बसल्या जागी गेला होता. याला दीड महिना झाला. अजून मला एका जागी बसवत नाही.

नवरा गेल्यावर मी माहेरी परतले. आजोबांनी बांधलेलं जुनं घर; पुढचा भाग भाड्याने दिलेला. आमच्याकडे स्वयंपाकघर, मागे देवघर आणि वर दादाची खोली. मी आईजवळ चुलीपाशी झोपायची, पाटावर वह्या ठेवून तपासायची. दादाला ते बघवेना. बिनलग्नाचा, पायाला भिंगरी लावलेला माणूस. मनात आलं की झालंच पाहिजे. "शरू, आतून कडी लागेल अशी खोली देतो तुला," म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी गवंडी घेऊन आला. मागच्या भागावर मजला चढवायचा ठरला. आजोबांनी नेमका तेवढाच भाग मोकळा का ठेवला होता, हे आम्हा शिकलेल्यांच्या ध्यानातही आलं नाही.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. आज हरताळ, उद्या मोर्चा. गवंडी काम टाकून लालबागला सभेला जायचे आणि त्यांना आणायला गेलेला दादा त्यांच्याबरोबर घोषणा देऊन घसा बसवून यायचा. असं रखडत रखडत तुळया चढल्या, फळ्या बसल्या. अगदी शेवटी आमचा म्हातारा मालवणी सुतार रंधा ठेवून म्हणाला, "दादानू, खाली देव आसत. हंय माणूस निजतला?"

आईच्याही मनात तोवर हे आलं नव्हतं; तिने ते ऐकलं आणि संपलंच. देवांच्या डोक्यावर कुणी पाय पसरायचे नाहीत, आणि सासऱ्यांनी स्थापलेले देव हलवायचेही नाहीत. "मुंबई मागायला निघालाय, बहिणीला घरातली आपली एक खोली देता येईना," असं वर ऐकवलं तिने. दादा आठवडाभर धुसफुसत राहिला. मग एका सकाळी त्याने माझी ट्रंक स्वतःच्या खोलीत नेऊन ठेवली आणि आपली खुर्ची नव्या खोलीत.

"मी तिथे फक्त बसणार," तो आईला म्हणाला. "झोप कुठे येते मला?"

हे धादांत खोटं होतं. चांगला घोरणारा माणूस तो. पण शब्दाला पक्का. त्या खोलीत त्याने कधी पाठ टेकली नाही. भिंतीला डोकं लावून डुलक्या घ्यायचा. सकाळी पाय सुजलेले असायचे. खाली येऊन झोप म्हटलं, तर "मग तू खोली परत करशील," हे उत्तर. आई आणि तो, दोघेही हट्टी. आणि मी? मी चारदा म्हटलं, पाचव्यांदा म्हटलं नाही. मला ती खोली हवी होती, फार हवी होती. कडी लावून मी गाढ झोपायची... हेच आता मला खातंय.

गेल्या सोमवारी शाळेतून आले तर देवघर रिकामं. आई एकेक देव पदरात घेऊन स्वयंपाकघराच्या फडताळात मांडत होती. मी दारातच थांबले. शेवटचा बाळकृष्ण ठेवून झाल्यावर माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "वर त्याची गादी घाल. पडू दे आता त्याला."

मी गादी घातली. आई कठड्याला धरून वर आली आणि पायथ्याशी त्याचं पांघरूण ठेवून गेली.